गेटच्या बाहेरचं बंदर

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो, जिथे मागे कुकरच्या शिट्ट्या झाल्या, ते काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? चला तर मग.

आजचा भाग एका शब्दापासून सुरू करतो. शब्द आहे 'घाटी'.

मागच्या वर्षी ऑफिसात जेवायला बसलो होतो. डब्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. समोरचा एकजण हसत म्हणाला, "अरे, काय एकदम घाटी डबा आणलाय!" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मीही हसलो आणि जेवलो. पण घरी येताना तो शब्द काही डोक्यातून जाईना. कारण माझे आजोबा, आमचे तात्या, अडतीस वर्षं मुंबईत हमाल होते. आमच्या संगमनेरच्या पठार भागातून १९६१ साली गेले आणि १९९९ साली परत आले. एवढ्या वर्षांत तिथे त्यांना नावाने हाक मारणारी माणसं थोडीच होती. बाकी सगळ्यांसाठी ते 'ए घाटी' होते.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा त्यांना विचारलं, "तात्या, तुम्हाला राग नाही यायचा?"

तात्या म्हणाले, "राग कशाचा? घाट उतरून गेलतो, मंग घाटीच म्हणणार. राग यायचा तो कुणी हमाली बुडवली की."

मला वाटलं होतं ते चिडतील, काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी सरळ हिशोबाची गोष्ट काढली. आजचा भाग त्या हिशोबाबद्दल आहे. मुंबई बंदराचा इतिहास सांगताना लोक जहाजं सांगतात, शेटजी सांगतात, गव्हर्नर सांगतात. आपण आज बंदराच्या गेटबाहेर उभं राहून बघू. जहाजातून उतरलेला माल बाजारापर्यंत नेला कोणी, आणि त्याला त्याचं काय मिळालं?

समुद्र कुठे गेला?

मुंबईत हार्बर लाईनने गेला असाल तर स्टेशनं आठवा. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली विजेवर चालणारी पहिली रेल्वे याच मार्गावर, आजच्या सीएसएमटीपासून कुर्ल्यापर्यंत धावली. रोज लाखो लोक 'हार्बर पकडतो' म्हणतात. पण खिडकीतून बघा, हार्बर काही दिसत नाही. गोदामं दिसतात, पत्रे दिसतात, ट्रक दिसतात.

मशीद स्टेशनला उतरा आणि पूर्वेच्या बाजूला चालायला लागा. तिथे जी नावं भेटतात ती ऐका. दाणा बंदर. चिंच बंदर. कर्नाक बंदर. अजून पुढे लकडी बंदर, कोळसा बंदर, वीट बंदर. आणि मधल्या गल्ल्यांत मिरची गल्ली, भात बाजार, खारेक बाजार, काथा बाजार. एवढी बंदरं आणि समुद्र कुठेच नाही!

समुद्र होता, तो मागे ढकलला. पूर्वी इथे किनाऱ्यालगत छोटे छोटे धक्के होते आणि एकेका धक्क्यावर ठराविक माल उतरायचा. धान्य उतरायचं ते दाणा बंदर, लाकूड उतरायचं ते लकडी बंदर. नंतर भराव टाकून जमीन पुढे सरकत गेली. धक्के जमिनीच्या आत राहिले आणि नावं तिथेच चिकटून राहिली. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे भाऊचा धक्का. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य नावाच्या गृहस्थांनी तो बांधला. त्यांना लोक 'भाऊ' म्हणायचे. शहराचा कचरा आणि माती टाकून त्यांनी समुद्रात भराव घातला. आज तुम्ही मांडव्याला, रेवसला जायला जिथून बोट पकडता तो भाऊचा धक्का मूळ जागेवर नाही. तोही पुढे सरकला, नाव मात्र सोबत घेऊन गेला.

शब्दांवरूनही कळतं की इथे कोणकोण येत होतं. 'हमाल' अरबी. 'मुकादम' अरबी. 'बंदर' फारसी. आपण हे शब्द इतके मराठी करून टाकलेत की आता कोणाला परके वाटत नाहीत.

घाटावरून खाली

आता थोडं मागे जाऊ. गोदी बांधण्याआधी मोठी जहाजं किनाऱ्याला लागत नव्हती. ती लांब खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची. माल छोट्या मचव्यांतून, पडावांतून ये-जा करायचा. मचवा धक्क्याला लागला की माणूस गुडघाभर पाण्यात उतरून गाठोडी काढणार.

सगळ्यात मोठा माल म्हणजे कापूस. खानदेश-वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवरून थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, उतरून यायचा. बंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे असायचे. आज जिथे हॉर्निमन सर्कलची बाग आहे तिथे पूर्वी मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाचे ढीग पडलेले असायचे. पुढे हा बाजार कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकात शिवडीकडे आला. कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव हे त्याच मैदानाचं नाव आहे, फक्त जागा बदललेली.

१८६१ साली तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या. त्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. चार वर्षं मुंबईत नुसता पैसा ओतला. याच काळात, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचें वर्णन' हे मराठीतलं मुंबईवरचं पहिलं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी बोर घाटातून रेल्वे सुरू झाली आणि १८६५ साली थळ घाटातूनही. १८६५ सालीच अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कित्येक सावकार रस्त्यावर आले.

पैसा गेला, पण रेल्वे राहिली. इथे आपली माणसं गोष्टीत येतात. ज्या घाटातून बैल आठवडे काढून उतरायचे तिथून आता माणूस एका दिवसात मुंबईला पोचू लागला. सातारा, पुणे, नगर, नाशिक या घाटमाथ्यामागच्या जिल्ह्यांत कोरडवाहू जमिनी. आमचा पठार भाग घ्या. साकूर, घारगाव, बोटा हा सगळा पट्टा. सह्याद्री पाऊस अडवतो, आमच्याकडे ढग येतात ते रिकामे. खरीपाची बाजरी निघाली की घरातल्या एकाने तरी बाहेर पडायचं. पुढे शंभर वर्षं हेच चाललं. संगमनेरला तर अजून रेल्वे नाही. तात्या एसटीने नाशिक रोडला गेले आणि तिथून गाडी पकडली. ते म्हणतात, "इगतपुरीपर्यंत मी पाटलाच्या शेजारचा होतो. कसारा उतरलो आन् घाटी झालो."

भिंत आणि गेट

१८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि युरोप एकदम जवळ आला. जहाजं वाढली. १८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. मग गोद्या बांधायला सुरुवात झाली. १८७५ ला ससून डॉक, १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया डॉक, १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक. शेवटच्याचं नाव आता इंदिरा डॉक आहे. प्रिन्सेस डॉकसाठी खणताना खाली चिखलात बुडालेलं जंगल सापडलं होतं, झाडांचे बुंधे तसेच उभे!

गोदी कशी चालते ते सोपं करून सांगतो. मुंबईच्या समुद्राला भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती आली की बातम्यांत इशारे येतात, ते तुम्हाला माहीतच आहे. आता जहाज बांधून ठेवलंय आणि पाणी एवढं वरखाली होतंय, तर माल कसा उतरवणार? म्हणून मोठं कुंड बांधायचं, त्याला दरवाजे लावायचे. भरतीला जहाज आत घ्यायचं, दरवाजे बंद करायचे. बाहेर ओहोटी झाली तरी आतलं पाणी तेवढंच. म्हणजे जहाजांसाठीचा मोठा हौद.

या गोद्यांभोवती उंच भिंत बांधली आणि भिंतीला गेटं ठेवली. त्यांची नावं रंगांवरून आहेत. यलो गेट, ग्रीन गेट, ब्लू गेट, ऑरेंज गेट. यलो गेटच्या नावाचं पोलीस ठाणंसुद्धा आहे. ही भिंत लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या भिंतीची आहे. भिंतीच्या आतला माणूस 'गोदी कामगार'. भिंतीच्या बाहेरचा 'हमाल'. पोतं तेच, पाठ तशीच, पण दोघांचा हिशोब वेगळा.

एका गोणीचा प्रवास

समजा जहाजातून तांदळाची गोणी आली. जहाजाच्या पोटात उतरलेली एक टोळी ती जाळ्यात भरते. क्रेन उचलते. धक्क्यावरची दुसरी टोळी ती शेडमध्ये नेते. तिथे कागदपत्रं होतात आणि गोणी गेटमधून बाहेर पडते. इथून पुढे बाजार सुरू. बैलगाडी, नंतरच्या काळात ट्रक, ती दाणा बंदरच्या गोदामापर्यंत आणतो. तिथे काट्यावर वजन, मापाडी आकडा ओरडतो. मग हमाल ती गोणी पाठीवर घेतो आणि फळीवरून चढत थप्पीवर नेऊन टाकतो. पुढे दलाल सौदा करणार, गोणी परत खाली, परत हातगाडीवर, परत दुकानात. एका गोणीला दहा वेळा तरी माणसाचा हात लागायचा. ज्याला आपण आज 'लास्ट माइल डिलिव्हरी' म्हणतो, ती मशीद बंदरला डोक्यावरून व्हायची. डोक्यावर म्हणजे माथ्यावर वाहणारा, म्हणून 'माथाडी'.

गोणी तेव्हा क्विंटलभराची. एकट्याला पाठीवर घेता येत नाही, दोघं उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतात. हातात लोखंडी आकडा, डोक्यावर फडक्याची चुंबळ. मिरचीच्या पोत्याने अंगाची आग व्हायची, सिमेंटने छाती भरायची. तात्या सांगतात, साखरेचं पोतं सगळ्यात वाईट. का? "घामात इरघळतं आन् मानेला चिकटतं. मंग मुंग्या."

पैसे नगावर. जेवढ्या गोणी तेवढी हमाली. पण ती थेट हातात यायची नाही. व्यापारी मुकादमाला देणार, मुकादम आपला वाटा काढून टोळीत वाटणार. आज जहाज नाही, तर काम नाही. पाऊस आहे, काम नाही. बोट मोडलं, काम नाही आणि विचारणाराही कोणी नाही.

राहायला गाळा. एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली म्हणजे गाळा. डोंगरी, उमरखाडी, भायखळा या भागांत असे कितीतरी गाळे होते. तात्यांच्या गाळ्यात पंचवीस-तीस माणसं, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. झोपायला पाळ्या. उन्हाळ्यात बरेचजण रस्त्यावर हातगाडीवरच झोपायचे. जेवण खानावळीत, पैसे महिन्याला. गाळ्याचा मोठा फायदा असा की नवीन पोरगा आला की त्याला कोणीतरी ओळखीचं असायचं. कोण कोणाच्या टोळीत जाणार हे गाळ्यातच ठरायचं.

आणि बायका? गावाकडे. आमच्या आजीने तीस वर्षं शेत एकटीने बघितलं. १९७२ च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि महिन्याला मनीऑर्डरची वाट बघायची. बाजारातही बायका होत्या. गोणी फाटून सांडलेलं धान्य झाडायचं, पाखडायचं, निवडायचं, हे काम त्या करायच्या. तिकडे ससून डॉकला पहाटे मासळीचा लिलाव, त्यात कोळणींचा आवाज सगळ्यांच्या वर. बंदराचा फोटो काढला की त्यात क्रेन येते. या बायका फार कमी येतात.

मी तात्यांना विचारलं, "एवढी वर्षं बंदरात होतात, समुद्र बघितला का?" ते म्हणाले, "गोदीचं गेट होतं ना मधी. समुद्रात पाय घातला तो एकदाच, चौपाटीला. तुझी आजी आलती मुंबईला तवा."

जेव्हा घाटी निघून गेले

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. अकासिओ व्हिएगास या गोवेकर डॉक्टरांना मांडवी भागातल्या रुग्णांमध्ये प्लेग सापडला. मांडवी म्हणजे हाच परिसर. धान्याची गोदामं, गोदामांत उंदीर, उंदरांवर पिसवा आणि त्याच गल्लीत दाटीने राहणारे हमाल. हाँगकाँगकडून जहाजांबरोबर रोग आला असं मानलं जातं.

लोक पळाले. रेल्वेने, बोटीने, पायी. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत खाली गेली! प्लेगच्या पहिल्या हिवाळ्यात कामाला माणूस मिळेना. एरवी महिन्याचा पगार अडकवून ठेवणारे गिरणीमालक रोजच्या रोज पैसे द्यायला लागले, जास्त रोज द्यायला लागले. मला यात एक गोष्ट दिसते. त्या माणसांची किंमत बाजाराला आधीपासून माहीत होती. ती द्यायची वेळ फक्त माणसं निघून गेल्यावर आली.

पुढे रोग रेल्वेच्याच वाटेने घाटावर गेला. १८९७ मध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, तो हाच प्लेग. मुंबईतल्या ज्या क्रॉफर्ड मार्केटचं नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, ते इथून चालत पाच-दहा मिनिटांवर.

१४ एप्रिल १९४४

दुसरं महायुद्ध चालू होतं. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. त्याच जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही. दुपारी आग लागली. चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. गोदीतली जहाजं उडाली, जळता कापूस आसपासच्या वस्त्यांवर पडला, गोदामांतलं हजारो टन धान्य जळालं. तेही बंगालच्या दुष्काळानंतर लगेच. सोन्याच्या विटा लांबवर घरांवर जाऊन पडल्या.

आग विझवताना ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, आणि पाळायलाच पाहिजे. पण त्या दुपारी गोदीत आणि गोदीबाहेरच्या गल्ल्यांत रोजंदारीवर आलेले शेकडो हमाल होते. ज्याचं नाव हजेरीच्या वहीतच नाही, सकाळी मुकादमाने नुसतं बोटाने निवडलंय, त्याची मोजणी करणार कशी? मेलेल्यांचे आकडे म्हणूनच कुठे आठशे, कुठे तेराशे असे सांगितले जातात.

एकवीस वर्षांचं अंतर

आता परत त्या भिंतीकडे येऊ.

भिंतीच्या आतल्या कामगारांनी संघटना बांधल्या. पी. डिमेलो हे त्यांचे मोठे नेते. आज गोदीला लागून जो रस्ता जातो त्याला त्यांचंच नाव आहे. १९४८ साली गोदी कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. कामगारांची नोंदणी, पाळीपाळीने काम, काम नसलं तरी काही पैसे. हे सगळं गेटच्या आत.

गेटच्या बाहेर? तीच गोणी, वीस पावलांवर. पण तिथे कायदा नाही. कारण साधं होतं. हमालाचा मालक कोण? सकाळी तो या व्यापाऱ्याची गोणी उचलतो, दुपारी त्या व्यापाऱ्याची. प्रत्येकजण म्हणणार, 'हा माझा नोकर नाही.' आणि मालकच नाही तर फंड कोण भरणार, रजा कोण देणार?

हे ओळखीचं वाटतंय ना? थांबा, त्यावर येतोच.

साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून आलेले, स्वतः मुंबईत हमाली केलेले अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना एकत्र केलं. संप झाले, मोर्चे झाले. आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. १९४८ ते १९६९. भिंतीच्या आतून बाहेर यायला कायद्याला एकवीस वर्षं लागली.

या कायद्याची रचना मला, इंजिनिअर म्हणून, फार आवडते. 'मालक कोण' हा प्रश्न त्यांनी सोडवत बसलंच नाही, बाजूने वाट काढली. एक बोर्ड बनवायचं. व्यापाऱ्याने बोर्डाकडे नोंदणी करायची, हमालानेही करायची. व्यापाऱ्याने हमाली बोर्डात भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही. समजा हमाली १०० रुपये आणि लेव्ही ३० टक्के, तर व्यापारी १३० भरणार. हे आकडे फक्त समजायला घेतलेत, खरा दर बाजाराप्रमाणे बदलतो. शंभर रुपये हमालाच्या नावावर. तीस रुपयांतून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस, दवाखाना. महिन्यात हमालाने पन्नास दुकानांत काम केलं तरी त्याचं खातं एकच.

तात्यांचं पासबुक अजून आमच्या घरात आहे. आजी ते देवघराच्या फळीवर ठेवते. त्याच पैशातून आमच्याकडे विहीर झाली आणि वडिलांचं शिक्षण झालं. म्हणून त्यांना 'घाटी' शब्दाचा राग येत नाही आणि बुडालेल्या हमालीचा येतो. आता मला ते उत्तर कळतं.

सगळं छान छान झालं असं नाही. माथाडीच्या नावावर खंडणी मागणाऱ्या टोळ्याही पुढे निघाल्या आणि खऱ्या हमालाचं नाव खराब झालं. कितीतरी बाजारांत आजही बिननोंदणीचे लोक राबतात. कायदा आहे म्हणून आपोआप काही मिळत नाही, हे तात्याही सांगतात.

गोणी गेली, पेटी आली

१९८० आणि १९९० च्या दशकांत मशीद बंदर परिसरातले घाऊक बाजार एकेक करून वाशीला हलले. लोखंड बाजार कळंबोलीला गेला. तात्याही टोळीबरोबर वाशीला गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. दरम्यान समुद्रापलीकडे न्हावा-शेवा इथे १९८९ साली नवीन बंदर सुरू झालं, आजचं जेएनपीए. तिथे गोणी दिसत नाही. तिथे कंटेनर. १९५६ साली अमेरिकेत पहिल्यांदा जहाजावर अशा पेट्या चढल्या आणि तीस-चाळीस वर्षांत सगळ्या जगातल्या गोद्या बदलल्या. क्रेन पेटी उचलते, ट्रेलरवर ठेवते, ती थेट घाट चढून जाते. मधले दहा हात गेले. मुंबईतले प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक तर बुजवूनही टाकले.

क्विंटलभराच्या गोणीखाली कोणाची पाठ मोडू नये, हे बरंच झालं. त्या कामाचं मला काही कौतुक करायचं नाही. पण मशीद बंदरला आज गेलात तर हातगाडी ओढणारा, डोक्यावर खोकी घेतलेला माणूस अजून भेटेल. आमच्या संगमनेरच्या मार्केट यार्डात लिलावाच्या दिवशी कांद्याची गोणी अजून माणूसच उचलतो.

आणि लास्ट माइल तर संपलेलीच नाही. रात्री अकराला तुम्ही बिर्याणी मागवता, पावसात एक पोरगा ती घेऊन येतो. त्याला विचारा, तुझा मालक कोण? ॲप म्हणणार, तो आमचा नोकर नाही, पार्टनर आहे. हॉटेल म्हणणार, आमचा नाही. म्हणजे दाणा बंदरचा जुनाच प्रश्न. २०२३ साली राजस्थानने अशा गिग कामगारांसाठी देशातला पहिला राज्य कायदा केला. त्यात प्रत्येक व्यवहारावर थोडं शुल्क घेऊन कामगारांचा निधी उभा करायचा, अशी तरतूद आहे. ओळखलंत? ही लेव्हीच आहे. मशीद बंदरच्या हमालांनी पन्नास वर्षांपूर्वी मिळवलेली. मी असे ॲप बनवणाऱ्यांच्याच धंद्यात आहे. व्यवहारामागे एक छोटी रक्कम बाजूला काढणं हे कोडमध्ये किती सोपं आहे, ते मला माहीत आहे. अडचण कोडची नाही.

शेवटचं. दिवाळीनंतर ऑफिसात तोच मित्र जेवायला भेटला. मी त्याला डब्यातली भाकरी दिली आणि तात्यांची गोष्ट सांगितली. त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, त्याचे पणजोबा रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले होते आणि त्यांनीही सुरुवातीला गोदीत काम केलं होतं. म्हणजे एकजण घाट उतरून आला आणि एकजण समुद्रातून. दोघं कदाचित एकाच गोणीला हात लावून गेले असतील, एक गेटच्या आत, एक बाहेर.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर त्यांना विचारा. कुठल्या बंदरात होते, कुठल्या गाळ्यात राहिले, टोळीत कोण होतं. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि पाठवावंसं वाटलं तर आम्हालाही पाठवा. ही माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत, तेवढं लक्षात ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.